माझ्या भावाचे दात

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. अमरावतीला आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे थोडं अंगण. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते आणि आई अंगणवाडी चालवायची. आई कामावर असली की भाऊ माझ्या ताब्यात. त्याचा दुधाचा पहिला दात हलायला लागला तेव्हा तो रडत माझ्याकडेच आला होता, आणि पडल्यावर तोच दात तळहातावर घेऊन गल्लीभर दाखवत फिरला होता. पुढे मी दातांची डॉक्टर झाले त्याचा याच्याशी काही संबंध नाही. बारावीच्या गुणांवर जे मिळालं ते मी घेतलं.

लहानपणी तो फार हडकुळा होता. वर्गातली पोरं त्याला काडी म्हणायची. तो चिडायचा नाही, हसायचा. हसला की वरचे सगळे दात दिसायचे, थोडी हिरडी दिसायची आणि डोळे मिटून जायचे. दात फार देखणे होते त्याचे. घरात ऊस आला की विळा शोधावा लागत नसे. तो दातानं सोलायचा, आधी आम्हा तिघांना एकेक कांडं द्यायचा आणि मग स्वतः अंगणात बसून खायचा.

दहावीनंतर तो व्यायामशाळेत जायला लागला. अमरावतीत यात काही नवल नाही. आमच्या गल्लीतला प्रत्येक जण कधी ना कधी दोन-चार महिने जाऊन आलेला. हा मात्र टिकला. बाबांना वाटलं पोलीस भरतीची तयारी चालली आहे, म्हणून त्यांनी दूध वाढवलं. दोन-तीन वर्षांत त्याचे जुने शर्ट दंडात अडकायला लागले. मग त्यानं जुनी व्यायामशाळा सोडली आणि काचेच्या दारांची एक नवी जिम धरली. तिथेच पुढे तो ट्रेनर झाला आणि शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांत उतरायला लागला.

तोवर माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले होते. नवरा कृषी विद्यापीठात नोकरीला. जठारपेठेत एका औषधाच्या दुकानाच्या वर मी माझा छोटा दवाखाना थाटला. एक खुर्ची, एक मदतनीस बाई, बाहेर बसायला एक बाक. भाऊ स्पर्धेच्या निमित्तानं किंवा असाच, मोटरसायकल घेऊन यायचा. येताना त्याच्या हातात एक मोठा प्लॅस्टिकचा जग असायचा, त्यात निळं पाणी. कधी हिरवं. आंबट-गोड पावडर घालून ढवळलेलं. सकाळी भरलेला जग त्याला संध्याकाळपर्यंत पुरायचा, कारण तो ते घटाघटा प्यायचा नाही, घोट घोट घ्यायचा. व्यायामाच्या आधी आणखी एक पावडर, ती तर पाण्याशिवाय तशीच जिभेवर टाकायची. वजन वाढवायच्या दिवसांत गोड चॉकलेटी पूड दुधात. थकवा आला की थंड कॅन. मी एकदा म्हटलं, आईच्या हातचं ताक पी की. तर म्हणाला, ताकानं पंप येत नाही. पंप म्हणजे काय ते त्यानं मला दंड फुगवून दाखवलं.

स्पर्धेच्या आधीचे दिवस वेगळेच असायचे. मीठ बंद, मग पाणी जवळजवळ बंद, म्हणजे कातडीखालचा एकेक स्नायू वेगळा दिसावा. तोंड सुकून जीभ टाळूला चिकटायची. आणि स्टेजवर जायच्या आधी जॅम, मध, साखर. मी प्रेक्षकांत बसून पाहिलंय, सगळं अंग ताणलेलं, मानेच्या शिरा वर आलेल्या, आणि त्यात हसायचं. चेहऱ्यावर ताण दिसला की संपलं. हे हसणं तो आमच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या आरशात पाहून शिकला होता. आई भाकरी थापता थापता त्याच्याकडे पाहून हसायची आणि म्हणायची, पोरा, तुले कायले शिकावं लागते हासणं.

ज्या वर्षी त्याला जिल्ह्याचा किताब मिळाला, त्या वर्षी स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला. आईनं तो कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. सगळ्या अंगाला तपकिरी रंग चोपडलेला, आणि त्यात ते पांढरे दात.

त्याच वर्षी बुद्धपौर्णिमेला मी माहेरी गेले होते. विहारातून आल्यावर आईनं खीर केली, त्याच्यासाठी वेगळी, बिनसाखरेची. बाबा कुठून तरी संत्री घेऊन आले होते. भावानं एक फोड तोंडात टाकली आणि एकदम गाल धरला. क्षणभरच. मग हसून तो दुसरं काही बोलायला लागला. मी त्याला अंगणात उजेडात नेलं आणि तोंड उघडायला लावलं.

माझ्या पेशात माणसांच्या तोंडात काय काय पाहावं लागतं, त्याची मला सवय आहे. तरी मी त्याची मान उजेडाकडे वळवून पुन्हा एकदा पाहिलं. दाढांच्या वरच्या उंचवट्यांच्या जागी बारीक खळगे पडले होते, जणू कुणी चमच्यानं कोरून काढावं. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्या होत्या, त्यातून मागचा अंधार दिसत होता. हिरडीजवळ दाताचा आतला पिवळा थर उघडा पडला होता. मी त्याला विचारलं, दात कधी घासतो. तो अभिमानानं म्हणाला, प्रत्येक वेळी पावडर प्यायल्यावर घासतो, चांगला दाबून. स्टेजवर दात चमकायला पाहिजेत ना.

मी त्याला समजावून सांगितलं. आंबट पाण्यानं दातावरचं कवच मऊ पडतं, आणि मऊ पडलेलं कवच ब्रशनं घासलं की निघूनच जातं, ते पुन्हा येत नाही. प्यायचंच असेल तर एकदम पी, वर साधं पाणी पी, घासायची घाई करू नको. घोट घोट घेऊन दिवसभर दात भिजत ठेवू नको. व्यायाम करताना दात आवळतो, तेही कमी कर. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला,

“ताई, तू दातच पाहून राहिली. जज लोक तं बॉडी पायतात.”

आणि तो हसला. तसाच, डोळे मिटून. त्याच्यावर रागावणं मला कधीच जमलं नाही.

त्या पावसाळ्यात मी त्याच्या दोन दाढा भरल्या, रात्री दाताखाली धरायला एक पट्टी करून दिली. त्यानं पट्टी वापरली की नाही ते मला माहीत नाही. जग मात्र सुटला नाही.

पुढच्या वर्षी त्याच्यासाठी स्थळ आलं, ते माझ्याच दवाखान्यातून. माझ्याकडे उपचारांना येणाऱ्या एका बाईंची भाची. अकोल्यातच एका लॅबमध्ये टेक्निशियन. सावळी, उंच, बोलायला रोखठोक. पाहायला गेलो तेव्हा पोहे आले, आणि भावानं सगळ्यांसमोर पिशवीतून स्वतःचा डबा काढला. त्यात उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग. बाबा शरमेनं खाली पाहायला लागले. मुलीनं डब्यात डोकावून विचारलं, “पिवळं कोण खाते मग?” भाऊ म्हणाला, “माय खाते. तिचं वजन वाढून राहिलं.” आधी ती हसली, मग हा हसला, मग सगळी बैठकच हसली. तिचं तेव्हाच ठरलं होतं, असं तिनं मला पुढे सांगितलं. म्हणाली, इतकं मोकळं हसणारा माणूस घरात असला म्हणजे बाकीचं निभते.

साखरपुडा झाला. लग्नासाठी हॉल पाहिला, आणि टाळेबंदी लागली. तेव्हा सगळ्यांचीच लग्नं पुढे गेली, त्यांचंही गेलं. जिम बंद झाली. भाऊ घराच्या गच्चीवर पाण्याचे कॅन उचलून व्यायाम करायचा आणि उरलेला दिवस फोनवर. आई सांगायची, दिवसभर बोलतात दोघं, काय बोलतात कोण जाणे. दिवसभर जगही बाजूला असायचा. काम नाही, स्पर्धा नाही, तरी साठवलेल्या पावडरी होत्या. त्यात तो गच्चीवर दात आवळून वजन उचलत होता. एक दिवस पुढच्या एका दाताचा कोपरा उडाला. त्यानं मला फोटो पाठवला आणि लिहिलं, कोणाले सांगू नको.

त्या दिवसापासून त्यानं तिच्याशी व्हिडिओ कॉल बंद केला. नेट बरोबर नाही म्हणायचा.

कोपऱ्यामागून अर्धा दात गेला, मग शेजारचा. मी फोनवर सांगत होते, येऊन जा, कॅप बसवते. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. दोन लाटांच्या मधल्या दिवसांत, रस्ते मोकळे झाल्यावर, एका दुपारी तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला. मास्क खाली केला तेव्हा वरचा ओठ सुजून नाकापर्यंत आला होता, एक डोळा अर्धा मिटला होता. अंगात ताप. अशा तापात तो मूर्तिजापूरच्या रस्त्यानं गाडी चालवत आला होता. मी आधी पस काढला, औषधं दिली, त्याला घरी ठेवून घेतलं. माझ्या मुलीच्या खोलीत तो तोंड भिंतीकडे करून झोपून राहायचा.

सूज उतरल्यावर मी एक्स-रे काढला. पुढचे चारही दात हिरडीपाशी तुटत आलेले, मुळांना चिरा. मी ते एक्स-रे माझ्या कॉलेजच्या जुन्या सरांना पाठवले. सरांनी फोन केला आणि म्हणाले, तुलाही दिसतंय ते, काढावे लागतील. मग म्हणाले, सख्ख्या भावाचे आहेत, तू करू नको, दुसऱ्या कोणाकडे पाठव. मी भावाला तसं सांगितलं. तो म्हणाला,

“दुसऱ्या कोणाच्या हातानं नको, ताई. मले दुसऱ्याले दाखवायचंच नाही.”

म्हणून मी काढले. अंगात तो प्लॅस्टिकचा पोशाख, तोंडावर दोन मास्क, डोळ्यांपुढे काच. भूल दिल्यावर मी त्याच्या ओठाला हात लावून विचारलं, काही कळतंय का. त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्याचे दंड खुर्चीच्या हातांत मावत नव्हते, म्हणून त्यानं हात पोटावर जोडून ठेवले होते. पहिला दात काढताना मला काही वाटलं नाही, हात आपलं काम करत होते. दुसऱ्याच्या वेळी त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळायला लागलं. दुखत नव्हतं त्याला, मला ते माहीत होतं. मदतनीस बाईनं न सांगता ते पुसलं, आणि पुसत राहिली. शेवटचा दात निघाला तेव्हा माझी काच आतून इतकी धुकटली होती की टाका मी अंदाजानं घातला. त्यानं ट्रेकडे पाहायला मान वळवली, तर मी ट्रे उचलून आत नेला.

त्याला मी तात्पुरती प्लेट करून दिली, पुढचे चार दात असलेली. ती लावली की त्याला ओकारी यायची आणि स, श नीट निघायचे नाहीत. तो ती डब्यात ठेवायचा आणि मास्क लावायचा. सगळेच मास्क लावत होते, कोणाला काही वाटलं नाही. जिम उघडली, तिथेही मास्क. पुढे लोकांनी मास्क काढून फेकले, तरी याच्या तोंडावर मास्क. जिममधले म्हणायचे, सर फार काळजी घेतात. याच सुमारास मागच्या दाढाही एकेक करून जायला लागल्या.

आणि मग एक दिवस आईचा फोन आला. रडत होती. भावानं लग्न मोडलं होतं. मुलीला फोनवर एवढंच सांगितलं की मला अजून स्पर्धा खेळायच्या आहेत, संसार जमणार नाही. आई-बाबांनाही तेच सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं. त्यानं रात्री मला वेगळा फोन करून आईची शपथ घातली, त्या मुलीला काही सांगायचं नाही. मी म्हटलं, अरे, दात तर मी तुला करून देते, आधीपेक्षा चांगले देते. तो म्हणाला, “तिनं मले हासताना पाह्यलं आहे, ताई. आता हे पाहीन ती.” आणि त्यानं फोन ठेवला.

आठ-दहा दिवसांनी ती मुलगी दवाखान्यात आली. पेशंट संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिली. मग आत आली आणि उभ्यानंच म्हणाली,

“तुमी खरं सांगा. माह्यात काही कमी होतं काय? रंगावून काही म्हटलं काय कोणी?”

त्या प्रश्नापुढे शपथ टिकणं शक्य नव्हतं. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. एक्स-रे दाखवला नाही, तोंडानंच सांगितलं. ती ऐकत असताना पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. शेवटी म्हणाली, “दातासाठी? एवढ्यासाठी?” आणि थोड्या वेळानं, “मले एकदा विचारायचं तं होतं त्यानं.”

दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघी बसनं अमरावतीला गेलो. मी त्याला कळवलं नव्हतं. जिमच्या काचेतून तो दिसला, मास्क लावलेला, एकाला बारबेल धरायला शिकवत होता. तिनं आत जाऊन त्याच्यासमोर उभं राहून काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मी दारातच थांबले होते. मला दिसलं ते एवढंच की ती बोलत होती आणि तो जमिनीकडे पाहत होता. तिनं हात पुढे केला, मास्ककडे, सावकाश. तो एक पाऊल मागे सरला. एवढा मोठा माणूस, वजनांच्या मांडणीला पाठ लागेपर्यंत मागे गेला. तिनं हात खाली घेतला. मग तो काहीतरी म्हणाला आणि आतल्या खोलीत निघून गेला. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला. “उशीर होईन म्हणे तुमाले, बस चुकीन,” ती म्हणाली.

आम्ही घरी गेलो. आईनं दह्यातला गिला वडा केला, तिला समोर बसवून खाऊ घातला, जणू काही मोडलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत आम्ही वाट पाहिली. तो आला नाही. बाबा दोनदा जिमपर्यंत जाऊन आले. शेवटी तिनं आईच्या पाया पडून पर्स उचलली. परतीच्या बसमध्ये ती रडली नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली, आणि तिला जाग येऊ नये म्हणून मी अकोला येईपर्यंत हललेही नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, खामगावकडे. मला पत्रिका आली. मी गेले, अक्षता टाकल्या, जेवले आणि आले. आईला मी सांगितलं नाही, पण तिला कुठून तरी कळलं, आणि तिच्याकडून त्याला.

त्यानंतर त्यानं माझ्याकडून वरची पूर्ण कवळी करून घेतली. खाली काही कॅप, गेलेल्या दातांच्या जागी ब्रिज. काम चांगलं झालं आहे. मी स्वतःच्या कामाबद्दल सहसा असं म्हणत नाही. रंग निवडताना त्याला मी पेपरातला तो फोटो दाखवला, तसा करू का विचारलं. तो म्हणाला, थोडा पिवळसर कर, खरा वाटला पाहिजे. आता तो मास्क लावत नाही. शब्द स्वच्छ उच्चारतो, भाकरी चावतो, पाहुणे आले तर बसून बोलतो. स्पर्धा सोडल्या. जिममध्ये साध्या पाण्याची बाटली घेऊन फिरतो, असं बाबा सांगतात. त्याचं वय फार झालेलं नाही, स्थळं येतात. तो नको म्हणतो.

मागच्या दिवाळीत आईनं मला स्वयंपाकघरात एका बाजूला घेतलं. म्हणाली, दात तं तू एवढे सुंदर करून देले, मंग तो हासत काऊन नाही? मी म्हटलं, आई, कवळी आहे, सैल पडेल अशी भीती वाटते माणसाला, सवय व्हायला वेळ लागतो. तिनं मान हलवली. खोटं बोलले असं नाही, काही पेशंटना तसं होतंही. पण त्याची कवळी सैल नाही, मी स्वतः तपासली आहे.

परवा तो अकोल्याला आला होता. हिरडीला एका जागी कवळी घासत होती. मी ती जागा घासून गुळगुळीत केली, परत बसवली, दोन-तीनदा चावायला लावलं. तो बरं म्हणाला. उठून जोडे घालायला बसला आणि खाली वाकूनच, लेस बांधता बांधता, विचारलं,

“ती बरी आहे काय?”

मी म्हटलं, बरी आहे. मुलगी झाली तिला.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. लेस बांधून झाली होती तरी थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग उठला, हेल्मेट घातलं आणि जिना उतरून गेला. जेवून जा म्हणून मी वरून हाक मारली. त्यानं मान न वळवता हात हलवला.